माणिक

बाबाने होडीवर नाव आधी रंगवून घेतलं,
मी नंतर जन्मले.
पेंटरला पैसे दिलेले, आता पुसतं कोण?
झील झालो तरी माणिक,
चेडू झालां तरी माणिक.

निवतीच्या बंदरात माणिक कुबल दोघं होतो.
गडग्याच्या अलीकडे मी, खाडीत होडी घालणारी,
पलीकडे तो, ट्रॉलरवर खलाशी.
मास्तरांनी पटावर माझ्यापुढे बारीक 'कु.' लिहिला होता,
पण सोसायटीच्या डिझेल-कार्डावर
मी अजून 'श्री.' आहे.
त्याला एकदा आरोग्य केंद्राची चिठ्ठी आली,
बाळंतपणाआधीच्या गोळ्या घेऊन जा म्हणून.
तो गेलासुद्धा. नर्सबाईंसमोर उभा राहिला,
गोळ्या घेऊन आला, गडग्यावर ठेवल्या,
वर चार बांगडे.
"तुझो माल माका इलो गो," म्हणाला,
"माझो खंय गेलो तां बघ."

भाद्रपदात एका दुपारी
धक्क्यावरून कोणीतरी ओरडत आलं,
"माणिक गे—"
पुढचं अक्षर वाऱ्याने नेलं.

लो की ली.
आई सुकट निवडत होती,
सूप हातात तसंच राहिलं.
पलीकडे शेवंतीने पोराला भरवायला उचललेला घास
ताटात परत ठेवला.
कोणीच कोणाला विचारलं नाही.

मी खाडीतून वर आले तेव्हा
गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर कालवांची पाटी,
आणि भूक लागलेली, मला काही ठाऊक नाही.
आईने माझ्या दंडाला हात लावून बघितलं.
नखं बघितली.
हसायला लागली ती मोठ्याने,
आणि मध्येच पदर तोंडात कोंबला.
गडगा आमचा कमरेइतकाच आहे.

पुढच्या महिन्यात सोसायटीने नाव कमी केलं,
माझं.
कारकुनासमोर मी तासभर जिवंत उभी होते.
"पुरावा आणा," म्हणाला.
होडी आणू का, म्हटलं. नाव आहे तिच्यावर.

त्याची टपालं अजून माझ्याकडे येतात.
काल विम्याचं आलं.
गडगा ओलांडून गेले, दार लोटलेलं होतं,
कडी वाजवली.
आतून शेवंतीने विचारलं,
"कोण तां?"

नाव ओठांपर्यंत आलं.
पाकीट दुसऱ्या हातात घेतलं.
"मी," म्हटलं.