रकाना

दोन तासांची बोट. पोटात समुद्र अजून हलतोय.
पिशवीत अकरा फॉर्म. बेटावर माणसं बारा;
बारावा दुकानदार, जेमतेम साठीचा,
त्याला फॉर्म नाही म्हणून जरा रुसलेला.

शाळेत जमलो. शेवटचं पोर बोटीत बसून गेलं
त्याला नऊ वर्षं झाली.
भिंतीवर नॉर्वेचा नकाशा,
त्यात हे बेट खिळ्याच्या भोकाखाली गेलेलं.
बाकं बुटकी, गुडघे हनुवटीला लागतात,
तरी जो तो आपापल्या जुन्या जागेवर बसला.

मी वाचू लागले: जिना चढता येतो?
रात्री किती वेळा उठावं लागतं?
पडलात, तर कोणाला कळवायचं?

कळवायचं कशाला, आसलौग म्हणाली, वय शहाऐंशी,
कळतंच.
माझा स्वयंपाकघराचा पडदा सातला वर जातो.
समोरून ओडवार बघतो. कानानं ठार बहिरा,
पण माझा पडदा त्याला ऐकू येतो.
साडेसात झाले, की तो बूट चढवतो.
फेब्रुवारीत एकदा मुद्दामच नाही सरकवला.
आला बिचारा, गुडघाभर बर्फातून,
हातात कुदळ घेऊन.

कुदळ कशाला? मी विचारलं.
दार अडकलं असेल म्हणून. नाहीतर
दुसऱ्या कामाला. ते त्यालाच ठाऊक.

सगळे हसले. कोणी काय म्हटलं ते न कळताही
ओडवार सर्वांत उशिरा, सर्वांत जास्त.

पुढचा प्रश्न: चालेनासं झालं, तर कुठे राहाल?
शहरात जागा आहे, मी म्हटलं, फरशी गरम असते.
खिडकीतून पार्किंग दिसतं, हे गाळलं.
टुरगाइरनं खिशातून दोरी काढली, गाठी मारलेली.
इथे चार खाटा मावतात. मी मापून ठेवलंय.
ही गाठ खाटेची, ही चाकाची खुर्ची वळायला.
आणि तो नळ बघ,
पोरांच्या उंचीचा. आता आपल्याच कामी येईल.

आसलौगनं माझ्या हातातलं पेन घेतलं.
एक प्रश्न राहिलाय तुझा.
आमच्यासाठी काय करायचं, ते सगळं विचारलंस.
आमच्याकडून काय करून घ्यायचं?
आणि समासात, शाळेतल्या गोल अक्षरात, लिहिलं:
पाय गेले तरी ओडवारचा पडदा बघायचं काम
माझ्याकडेच ठेवा. खाट त्या बाजूला लावा.

तेव्हा कळलं मला, की सातला
दोन पडदे वर जातात.

ऑफिसातल्या संगणकाला समास नसतो.
दुपारभर शोधलं, तिचं वाक्य कुठेच बसेना.
‘इतर’ मध्ये टाक, साहेबीण म्हणाली.
‘इतर’ कोणी उघडून बघत नाही.

शेवटी ‘नियमित औषधं’ या रकान्यात,
रक्तदाबाच्या गोळीखाली, भरलं:
ओडवारचा पडदा. रोज एक. सकाळी सातला.
खंड पडू देऊ नये.