येण्याचे कारण

घोडबंदरच्या हॉटेलात उशा चार प्रकारच्या,
खिडकी मात्र उघडत नाही.
दुसऱ्यात पोहण्याचा तलाव गच्चीवर.
तलावांच्या गावात जाऊन
गच्चीवर कशाला पोहायचं, म्हणाला श्रीकर.
त्याला पोहता येत नाही, ते वेगळं.

शेवटी तलावपाळीचं जुनं लॉज.
फोनवर मॅनेजर पुजारी:
"लिफ्टला जाळीचं दार, दोनदा ओढावं लागतं.
गरम पाणी सात ते नऊ.
तळ्याकडची खोली घ्याल तर डास,
बाजाराकडची घ्याल तर झोप नाही."
एवढं खरं बोलणाऱ्याला
मी लगेच आगाऊ पैसे पाठवले.

इकडे अकोल्यात जाऊबाई हसल्या,
"ठाण्याला? दोघांपैकी दाखल कोण होणार?"

वहीत आठवडा आखला.
येऊर, पायांना झेपेल तेवढं.
खाडीवर फ्लेमिंगो, भरतीची वेळ विचारून.
गडकरीला लागलं असेल ते नाटक.
एक अख्खा दिवस, श्रीकर म्हणतो, नुसतं लोळायचं.

शुक्रवार कोरा सोडलाय.
चरईत आमचं बिऱ्हाड होतं
तिथे आता चौदा मजले आहेत म्हणे.
समोरच्या फुटपाथवरून बघेन.
किंवा रसवंतीत बसेन, पाठ करून.

काल पुन्हा पुजारींचा फोन.
"रजिस्टरला येण्याचं कारण लागतं.
लग्न, धंदा, की दवाखाना?"
"फिरायला," म्हटलं.

पलीकडे पंख्याची घरघर.
"ठाण्यात? सात दिवस?"

मग कागदावर पेन चालल्याचा आवाज,
आणि जरा थांबून,
"तळ्याकडचीच देतो, ताई.
मच्छरदाणी आहे एक."