नखाचा आवाज

ब्राइटलिंगसीला ओहोटी लागली की खाडी चिखल उघडा टाकते
आणि शेडच्या फटींतून तो वास आत येतो.
विल्फ पेटिकन म्हणतो, खिडकी लाव,
दमट हवेत व्हीनियर रुसतं.

अक्रोडाचं व्हीनियर, अर्ध्या मिलिमीटरचं.
उजेडासमोर धरलं तर पलीकडून बोटांची सावली दिसते.
ते बसवायचंय केबिनच्या कोपऱ्यावर,
जिथे भिंत आडवीही वळते आणि वरही कलते.

कापड असतं तर निऱ्या घातल्या असत्या.
लाकडाला निऱ्या ठाऊक नाहीत.
एका अंगाने वळवा, ऐकतं;
दोन्ही अंगांनी वळवा, कडेला सुरकुती, मध्ये चीर.
पहिला ताव सोमवारी फुटला, दुसरा मंगळवारी.
तिसऱ्याच्या विल्फने फाकी केल्या,
मोसंब्याच्या सालीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या,
आणि रेषेला रेष जुळवत गेला
दिवसभर, चहा गार करत.

गोंद दोन्हीकडे लावून आधीच वाळवलेला,
वर खाकी कागद, त्यावर इस्त्री.
ऊब लागली की धरतो.

मग नखाने ठोकत जायचं, बोटभर, बोटभर.
भरीव जागा टक म्हणते.
खाली हवा अडकली असेल तिथे आवाज सैल पडतो.
आमच्या राजापूरला बापू फणस असाच ठोकायचे,
बाजारात, कान लावून, विकणारीकडे न बघता.
हे विल्फला सांगायला गेले,
तर फणस म्हणजे काय हे सांगण्यातच जेवणाची सुटी संपली.

एप्रिलपासून बघतेय:
विल्फ ठोकतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो.
पन्नास वर्षं रंद्याच्या यंत्राशेजारी उभं राहून
कान कधीतरी विझले त्याचे.
कुणाला बोलला नाही. मलाही नाही.
मी मान हलवते, तो पुढे सरकतो.
असा आमचा अख्खा उन्हाळा गेला.

आज चौथ्या फाकीवर, अगदी सांध्यापाशी,
आवाज सैल पडला.
तो बघत होता.
उद्या मालकीणबाई येणार, नाव पाण्यात जाणार.
मान हलवली असती तर
फडका खांद्यावर टाकून घरी गेला असता, शीळ घालत,
जी त्यालाच ऐकू येत नाही.

मी म्हटलं, पोकळ.
मराठीतच. तसंच निघालं तोंडातून.
त्याने काय वाचलं, ओठ की चेहरा, कोण जाणे.
पातं माझ्या हातात दिलं. पहिल्यांदाच.

रेषेच्या दिशेने केसाएवढी चीर,
सुईने गोंद, पुन्हा इस्त्री,
त्याचा तळहात माझ्या पंजावर,
दाब किती ते सांगणारा.

गार झाल्यावर मी ठोकलं.
या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
चष्मा काढला, कपाळ लाकडाला टेकवलं,
दात आवळले,
आणि म्हणाला, पुन्हा ठोक.