पन्नास मिनिटांचा हिशेब

पूल झाला
आणि माझी रोजची पन्नास मिनिटं वाचली.
जाताना पंचवीस, येताना पंचवीस.
मी पंचायत समितीत, लेखा विभागात.
वाचलेलं कुठेतरी जमा दाखवावं लागतं,
एवढंच शिकलो नोकरीत.
म्हणून शोधतोय.

आधी तर होती.
जर-तरमधली नव्हे, खाडीतली.
इब्राहिम सोलकर वल्हं पाण्यात घालण्याआधी
मान वळवून रस्त्याकडे बघायचा,
आणि माडांमागून कुणी छत्री हलवली
की थांबायचा.
मग आम्ही सगळेच थांबायचो.
कुणाचं तरी कुणीतरी येतंय म्हणून.

त्या थांबण्यात
जुलेखाबी टोपलीतल्या तिसऱ्या वर-खाली करत
सुनेचं गाऱ्हाणं सांगायची. रोज तेच,
फक्त सून दर खेपेला थोडी कमी वाईट.
रोहिदास मयेकर पाण्याच्या रंगावरून
शेवंडी कुठल्या खडपात, ते सांगायचा
आणि बहुधा चुकायचा.
मी काहीच करायचो नाही.
बोटं पाण्यात सोडायचो.
घड्याळ डाव्या हातात, म्हणून उजवी.

पुलाला नावं ठेवत नाही मी.
धाकट्याच्या वेळी, रात्री अडीचला,
सुकतीला तर चिखलात रुतली.
चौघांनी मांडीभर गाळात उतरून ढकलली.
शालनचा हात माझ्या हातात गार पडत होता.
तेव्हाची मिनिटं मोजली होती मी,
एकूण एक.
पूल हवाच होता.

आता स्कूटरवरून सात मिनिटांत घरी येतो.
चहा होईपर्यंत म्हणून फोन उघडतो,
कुणाच्या तरी मांजराचा वाढदिवस बघतो.
मान वर करतो तेव्हा
पडवीत काळोख
आणि चहावर साय.
हे कुठल्या खात्यात टाकू?

परवा शनिवारी धक्क्यावर गेलो.
तर उपडी घातलेली, बुडाला कालवं.
तिच्या सावलीत इब्राहिम
गरीला तंगूस बांधत होता.
म्हटलं, सुटणार कधी?
त्यानं सवयीनं मान वळवली, रस्त्याकडे.
"बस. येताय कोनतरी."

बसलो.
कुणी आलं नाही.
पुलावरून बर्फाचा टेम्पो गेला, ठिबकत.
रोहिदासच्या शेवंडी आठवून दोघं हसलो.
भरती चढली, पायापर्यंत आली,
माझी एक चप्पल तरंगत निघाली.
इब्राहिमनं ती वल्ह्यानं ओढून दिली
आणि हात पुढे केला.

जुनाच दर. दहा रुपये.
दिले.
पावती मागितली नाही.