चूक नाही

राजारामपुरी, नववी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला.
हेरवाडे सर फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहितात
आणि पेरूच्या फोडी कराव्यात तसे त्याचे चार तुकडे करतात.
तिखट-मीठ आम्ही लावायचं.
अ, ब, क, ड. चूक कुठल्या तुकड्यात?
आणि कडेला, एकटाच, इ :
चूक नाही.

इ-ला कुणी हात लावत नाही.
वर्गात चव्वेचाळीस जण,
पण सीईटीवाले एवढं धडधाकट वाक्य फुकट देतील
यावर एकाचाही विश्वास नाही.

सर सांगतात, आधी कर्ता धरा.
कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये गर्दी उभी असते,
रविवारी महाद्वारावर असते तशी,
ऑफ, विथ, अलाँग विथ, ॲज वेल ॲज.
गर्दीकडे बघायचं नाही.
कोण कुणाचं आहे, तेवढं बघायचं.

रात्री मी उद्यमनगरात, शेडच्या दारात पुस्तक घेऊन बसतो.
घरापेक्षा तिथं उजेड बरा.
आत आबांचं लेथ.
लोखंडाची कुरळी साल त्यांच्या पायाशी साठत जाते,
निळी, अजून गरम.
मी पंचवीस वाक्यं तपासतो, तोवर त्यांचे पंचवीस बुश.
मायक्रोमीटर लावतात, एक डोळा बारीक करतात,
नापास नगावर खडूनं फुली.
मी मोठ्यानं वाचतो,
द क्वालिटी ऑफ दीज कास्टिंग्ज आर पुअर.
आबा मान वर करतात. ''कुठल्या फौंड्रीचं?''
''तसं न्हवं आबा. आर चुकलंय. इज पायजे.
नग कितीबी असूद्यात, क्वालिटी एकच.''
''हे बाकी खरं हाय,'' म्हणतात,
आणि पुढचा नग चढवतात.

दिवाळीत पुण्याची मावसबहीण आली होती.
मी म्हटलं, मी जेवलो.
ती घास हातात तसाच धरून हसत सुटली.
''अगं, जेवले म्हण, जेवले! तू काय मुलगा आहेस?''

मी सुनीती बाबासाहेब मगदूम.
वय सतरा, दोन वेण्या, नाकात मोरणी.
बोलायला लागल्यापासून अशीच येतो, जातो, बसतो,
रडतो सुद्धा.
आई पण. गल्लीतल्या सगळ्याच.
नळावर घागरी आपटत बायका भांडतात, ''मी आदी आलो!''
''न्हाई, मी आलो!''
त्यात कुणाचं बाईपण सांडलेलं
मी तरी बघितलं नाही.

त्या रात्री वहीत एक मराठी वाक्य लिहून
मीच त्याचे तुकडे पाडले.
मी / परवा / पुण्याला / गेलो.
चूक कुठे?
बराच वेळ पेन्सिल ड-वर नेली, मागे घेतली.
मग इंग्रजीत टाकून बघितलं : आय वेंट.
वेंटनं आय-ला काही विचारलंच नाही,
वेणी आहे का, मिशी आहे का.
जिच्या एकेका प्रीपोझिशनला मी दचकतो
त्या परक्या भाषेनं
तेवढ्यापुरतं मला न तपासता आत घेतलं.
मागोमाग शी आणि हर घेऊन आलीच म्हणा.
फुकट कुणीच काही देत नाही.

परवाच्या सराव परीक्षेत मी सहा ठिकाणी इ निवडलं.
चार बरोबर आले.
सर म्हणाले, धाडस वाढलंय, जरा बेतानं.
उरलेली दोन वाक्यं मी अजून बघतो आहे.
एकात आर्टिकल चुकलंय, ते पटलं.
दुसऱ्यात काय चुकलंय
ते उत्तरपत्रिकेलाच माहीत.

लेथ थांबतं. पट्टा थोडा वेळ फिरत राहतो.
आबा रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसतात,
शटर अर्धं ओढतात, आणि अंधारातून हाक येते,
''झालं का गं?''

''आलो, आबा.''