तीन दात

हडपसरच्या मैदानावर तेव्हा दोनच विमानं उडायच्या लायकीची.
एक पिवळी, एक रुपेरी.
विमानाला स्त्रीलिंग आम्हीच दिलेलं,
व्याकरणाची तक्रार पेठेत करावी.

पिवळीला पायाचे ब्रेक.
पायाचे म्हणजे टाचेचे:
रडरच्या पट्ट्यांखाली, जरा आतल्या अंगाला
दोन लहान पेडलं, चुन्याच्या डबीएवढी.
चवड्यानं दिशा धरायची, टाचेनं वेग मोडायचा.
भरतनाट्यम शिकलेलीला सोपं गेलं असतं.
मी टायपिंग शिकले होते.

रुपेरीला हाताचा.
डाव्या मांडीशी एक दांडा, मुठीला काळं रबर,
ओढला की कट कट दात मोजत वर यायचा.
तीन दात ओढून ठेवायचे,
मग ज्या बाजूला पाय द्याल, त्याच बाजूचं चाक धरणार.
थ्रॉटलही डाव्याच हाताला.
उजव्या हातात स्टिक, पोटाशी घट्ट,
कारण ती सुटली आणि ब्रेक जोरात लागला
की शेपूट वर, नाक मातीत.
"सर, तिसरा हात कुठून आणू?"
सिधवा सर चष्मा पुसत म्हणाले,
"तीन हात कोणालाच नसते, डीकरी. क्रम लाव."

माझी उंची चार फूट अकरा.
पिवळीत टाच पेडलापर्यंत पोचेना.
पाठीशी उशी घेतली तर स्टिक पोटात रुते.
सोपान तुपे, मेकॅनिक,
ज्याच्या घरची फ्लॉवरची वाडी थेट पट्टीच्या कुंपणाला,
त्यानं माझे कॅनव्हासचे बूट मागून घेतले.
दुसऱ्या दिवशी टाचांना बाभळीचे ठोकळे,
खाली सायकलच्या टायरचा तुकडा, चुका मारून.
चालताना मी टांग्याच्या घोड्यासारखी वाजायचे.
पण टाच टेकली.

एकटी उतरले त्या सकाळी
सासवडच्या अंगानं आडवा वारा,
आणि पट्टीच्या मधोमध एक बाई,
डोक्यावर मेथीची पाटी, माझ्याकडं बघत उभी.
दोन्ही टाचा एकदम रोव,
असं अंगातलं हाडन् हाड ओरडत होतं.
रोवल्या नाहीत.
डावी, सोड.
डावी, सोड.
कोणी झोपलंय अशा घराची कडी वाजवावी, तसं.
पिवळी वळून गवतात शिरली, धापा टाकत उभी राहिली.
बाईनं पाटी सावरली आणि गेली आपल्या बाजाराला.
सोपाननं चाकाच्या ड्रमवर पंजा ठेवला.
"कोमट हाय," म्हणाला.
"कढत आसता, तर बूट परत घेतले आसते."

पंचेचाळीस वर्षं झाली.
रुपेरीचे पंख उतरवून तिला ट्रकनं कुठंतरी नेलं.
पिवळीचं तर मी विचारलंच नाही.

सोपानचा डावा पाय मार्गशीर्षापासून हलत नाही.
दर गुरुवारी मी त्याला व्यायामाच्या डॉक्टरकडं नेते,
माझ्या जुन्या गाडीतून, मगरपट्ट्याच्या पुलावरून.
पुढं पीएमटी मनात येईल तिथं थांबते.
मी ब्रेक मारते, आणि शेजारी
त्याची उजवी टाच रबरी मॅटवर रुतलेली दिसते,
जिथं खाली काहीच नाही.
डाव्या पायाकडं तो बघत नाही.
मीही.

त्याच्या दाराशी चढ आहे.
मी गाडी लावते, हँडब्रेक ओढते.
तो डोळे मिटून मोजतो, ओठ न हलवता.
"सहा," म्हणतो. "तिसऱ्या दाताला धरायला पायजे.
केबल ताणून घ्या, बाई. गेल्या टायमालाबी बोललो."
"घेते," म्हणते.

नाक्यावर गॅरेज आहे. दहा मिनिटांचं काम.
दर गुरुवारी मी त्याच्यासमोरूनच परत जाते.