तिसरी घंटा

रुवीतल्या माझ्या दुकानात
खलफाननं पहिली कॅसेट भरली.
कोरी नव्हती, म्हणून दिली
मालवणहून आणलेली, नाटकाची.
एसी बंद, आवाज येतो म्हणून;
माइक घामानं निसटायचा.
बाप दारातूनच म्हणाला, गातोय कुठं,
हा तर भांडतोय!

सगळं पुसलं गेलं, शेवटी उरली
तिसरी घंटा.
हे काय, त्यानं विचारलं.
यानंतर पडदा उघडतो, मी म्हटलं.
राहू दे मग.

आता रमजानच्या मालिकेत तो
मुका नावाडी. तीस भाग, शब्द एक नाही.
वाया गेला बिचारा, बायको म्हणते.
मी आवाज वाढवतो:
वल्ह्यावर बोटं, तोच ठेका,
आणि मध्येच
घंटेपुरती सोडलेली जागा.